बिनतिटीचं लेबल

माझी पोरगी पाच महिन्यांची होती तेव्हा तिचं तोंड डब्यावर छापलं. कुणी विचारलं तर मी पटकन सांगते, पेंटरनी काढलं, शेठनी छापलं. पण 'हो' मीच म्हणले होते.

नाशकात आमच्या खोलीजवळच नागलीचं सत्व बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. एका बाजूला मावशी नागली भाजायच्या, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघी डब्यांना लेबलं चिकटवायचो. बोटं कायम खळीनं चिकट. पोरगी टेबलाखाली झोळीत.

शेठना नवीन लेबल पाहिजे होतं, बाळाचं चित्र असलेलं. पेंटर कॅलेंडरांतली गोरी गोरी बाळं दाखवत होते, शेठना एक पसंत पडेना. तेवढ्यात झोळीतून पोरगी खुदकन हसली.

"हिचंच काढा की," मावशी म्हणाल्या. "मॉडेल घरचीच हाय, चहापाणी पण लागणार नाय."

सगळे हसले. शेठनी माझ्याकडे बघितलं. मला लय मोठेपणा वाटला, माझ्याकडे कुणी कधी काही मागितलंच नव्हतं.

पेंटरनी दोन दिवस बसून चित्र काढलं. मग ब्लॉक बनले, छापून गठ्ठे आले. पहिल्या गठ्ठ्याची सुतळी मीच सोडली. हुबेहूब माझी पोरगी. तेच जावळ, तीच हनुवटी. फक्त गालावर तीट नव्हती.

मी तिला तीट लावल्याबिगर एक दिवस उंबऱ्याबाहेर काढली नव्हती. चित्र काढलं तेव्हाही होती, मोठी, डाव्या गालावर. पेंटर आले तेव्हा मी विचारलं, "दादा, तीट कुठं गेली?"

"वहिनी, काळा ठिपका छापला तर गिऱ्हाईक म्हणेल माशी बसली. मीच काढून टाकली. किती साफ दिसतीय बघा."

साफ. उघड्या गालानं ती विंचूरला जाणार, वणीला जाणार, इगतपुरीला जाणार, दुकानातल्या फळीवर बसणार, आन् येईल तो तिला बघणार, ज्याचं लेकरू गेलं तो पण बघणार. माझी निदान डोळे मिटून झोपायची तरी. डब्यावरची झोपत नाय, सारखी हसती.

आठ दिवसांत पोरगी तापली. डॉक्टरांनी सुई दिली, ताप उतरला, परत चढला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर कुणाला ठसकाच आला नाय.

"लेकरू बाजारात मांडलंस," सासूबाई म्हणाल्या. "आता कुणाकुणाची दृष्ट काढू मी?"

दुसऱ्या दिवशी पोरगी त्यांच्यापाशी ठेवून मी काजळाची डबी कामावर नेली. लेबल चिकटवायचं, काडीचं टोक काजळात बुडवायचं, डाव्या गालावर ठिपका. चिकटवायचं, ठिपका. शेजारची म्हणायची, "काय करती गं सारखी?" मी म्हणायची, "खळ पुसती." एखादा डबा राहिला असं वाटलं की भरलेलं खोकं परत सोडायची, शोधायची. एक राहिला तर तिथूनच दृष्ट आत शिरेल, असं वाटायचं.

ताप गेला. पोरगी दूध प्यायला लागली, परत झोळीत आली. मी ठिपके थांबवले नाय.

मग पावसाळ्यात इगतपुरीहून खोकी परत आली. काजळात एरंडेल होतं, दमट हवेत ते कागदात पसरलेलं. सगळ्यांच्या गालावर हिरवट काळं वर्तुळ. दुकानदाराचा निरोप होता, सत्व बुरसलं.

शेठ मावशींवर ओरडले. "नागली ओली भरली तुम्ही! लहान लेकरं खातात हे. उद्यापासून येऊ नका."

मावशींनी हात पुसले आन् चपला शोधायला लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेठ, ती बुरशी नाय. काजळ हाय."

"कसलं काजळ?"

मी सगळं सांगितलं, एका दमात, मधी रडले पण. वाटलं आता हाकलतील. शेठ स्टुलावर बसले, कपाळाला हात लावून.

"अगं, तुझ्या पोरीसाठी दुसऱ्यांच्या आया घाबरल्या. तूच केलंस, तूच निस्तर. डबे फोडून बघू, आत चांगलं असलं तर सगळ्यांवर नवीन लेबल. माझ्यासमोर."

आत सत्व कोरडं ठणठणीत होतं. मावशींनी चपला परत काढल्या.

मी लेबलं लावली. तीट असलेल्या तोंडावर बिनतिटीचं तोंड. फुगा राहू नये म्हणून गालावर तळहात दाबून फिरवायचा. शेठ बघत होते. झोळीतून पोरगी आवाज करत होती, मी खाली बघितलं नाय. पहिल्यांदा पेंटरनी पुसली होती, आता मी पुसत होते.

पोरगी शाळेत जाते आता. धडधाकट हाय, सगळे म्हणतात. पण ती खोकली की मला वाटतं, कुठल्या तरी दुकानात आत्ता कुणीतरी बघतंय. मग मी तिचा हात धरून आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे जाते, त्याचं लक्ष नसलं की एकेक डबा फिरवून तोंड भिंतीकडे करते.

"काय पाहिजे, वहिनी?"

"काय नाय. भाव बघते."

खालच्या दोन फळ्या होतात. वरच्या फळीला माझा हात पुरत नाय.