खंडेनवमीचं तेल

माझ्या नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे. केस मी कधीपासून रंगवते, कोणत्या नणंदेवर माझा खरा राग आहे, देवळात जाते सांगून मी कुठे बसून समोसा खाते – सगळं. ही एक गोष्ट सोडून. ही लेकीला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा कधी तोंड उघडलं नाही. म्हटलं, त्याला दिसलंच असेल, आपण कशाला उगाळत बसायचं? आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, मला आता माझाच वैताग आलाय.

आमचं नागपूरला, महाल भागात जेवणाच्या ऑर्डरींचं काम आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं. कमलबाई तिचं नाव, मी तिला नुसतं बाई म्हणते. मागच्या अंगणावर पत्रे टाकून आम्ही भट्ट्या बांधल्या. साक्षगंध, बारसं, तेरवी – काही असो, स्वयंपाक आमच्याकडचा. पण लोक यायचे ते बाईच्या लंबी रोटीसाठी. तुम्ही नागपूरचे नसाल तर सांगते – कणीक सैल, जवळजवळ ओघळणारी, ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत, ताणत न्यायची आणि उलट्या तापल्या मडक्यावर टाकायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळं काम मनगटाचं. बाईची रोटी इतकी पातळ व्हायची की गिऱ्हाईक खायच्या आधी उजेडाला धरून बघायचं. आणि मी? मी भाजी चिरायची. वरण घोटायची. माझ्या वरणाला कोणी उजेडाला धरलं नाही.

हे आधीच का सांगते आहे? कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हीच विचाराल. मीही स्वतःला विचारते.

तर ती ट्रॉली. भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, उचलून भट्टीवर चढवताना आमच्याकडच्या प्रत्येक माणसाची कंबर एकदा तरी गेलेली. शेवटी माझ्या नवऱ्याने इतवारीच्या बाजारातून एक जुनी, लोखंडाची ट्रॉली आणली. चार चाकं, मागे उभा खांब, पुढे सपाट फळी. बाजूचं हँडल फिरवलं की तार गुंडाळली जायची आणि फळी वर यायची, उलटं फिरवलं की खाली. हँडल मध्येच सोडलं तरी फळी जागची हलायची नाही. गंज तिच्यावर ठेवायचा, भट्टीच्या उंचीला आणायचा आणि नुसता सरकवायचा. बाई तर तिच्यावर भाळलीच. तिला 'चल वं, उचल वं' करायची, जशी काही तिसरी जाऊच आणली होती घरात. खरं सांगायचं तर मला त्या लाडाचाही राग यायचा. माझ्याशी बोलताना कधी इतकी गोड झाली नव्हती ती.

ट्रॉली आली तेव्हा तिला दुरुस्त करायला एक मिस्त्री आला होता. त्या दिवशी घरात मी एकटीच. त्याने हँडलच्या आतली एक जाड चकती मला बोटाने दाखवली. हीच घट्ट आवळून धरते, म्हणून फळी खाली येत नाही, असं म्हणाला. आणि निघताना पुन्हा मागे वळून – 'दीदी, सब जगह तेल डालना, बस इसको छोड के. इसको तेल लगा तो ये पकडेगी नहीं.' मी मान हलवली. चहा दिला. हे मी घरात कोणाला सांगितलं का? नाही. मुद्दाम लपवलं नाही – राहून गेलं. ट्रॉलीला तेल मीच द्यायची, तेव्हा मला माहीत असलं म्हणजे झालं, असं वाटलं असेल.

म्हणजे बघा, साऱ्या घरात ती गोष्ट जाणणारी मी एकटी होते. हे ध्यानात ठेवा.

आमच्याकडे खंडेनवमी जोरात असते. त्या दिवशी सुऱ्या, विळ्या, झारे, मिक्सर, वजनकाटा, सगळं घासूनपुसून मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं चढवायची आणि मग दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. यंत्रांना एक दिवसाची सुट्टी. त्या वर्षी नेमकी एक ऑर्डर आली. दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून माणसं येतात, त्यांना एक मंडळ पुरीभाजी देणार होतं. त्यांच्या आचाऱ्याने आयत्या वेळी पाठ फिरवली. ते लोक आमच्या दारात उभे. मी म्हटलं, जमणार नाही, उद्या पूजा आहे. बाई माझ्याकडे बघतच राहिली. 'काहून नाही जमणार वं? माणसं दुरून येऊन उपाशी राहतीन अन् आपण सुऱ्यायले फुलं वाहून बसू का?' चारचौघांत, माझा पाणउतारा करून तिने ऑर्डर घेतली. बरोबर होती ती. आज म्हणते. त्या दिवशी मी नुसती धुमसत होते.

नवमीला सकाळी घासपूस माझ्याकडे. बाई येता-जाता बोलत होती – हे चमकलं नाही, ते पुसलं नाही, ट्रॉली केवढी कुरकुरते, पूजेच्या दिवशी तरी तिला नीट तेल दे. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तेलाची बुधली उचलली आणि – आता कसं सांगू?

ओतलं. चाकांना, तारेला, हँडलला. घे तेल, किती पाहिजे ते घे! हँडलच्या आत बुधली उपडी केली. चकती दिसत होती मला. मिस्त्रीचं बोट आठवत होतं मला. विसरले होते, असं म्हणायची मला फार इच्छा आहे. इतकी वर्षं मी स्वतःला ते म्हणूनही पाहिलं. पण विसरले नव्हते. बाईला काही व्हावं, असं मनात होतं का? नाही – ते नव्हतं, देवाशपथ. ट्रॉली बंद पडावी, फळी घसरावी, बाईची सगळ्यांसमोर फजिती व्हावी, एवढंच होतं. रागाच्या भरात माणूस जेवढं क्षुद्र होतं, तेवढी मी झाले होते. मग पूजा झाली. बाईने ट्रॉलीला कुंकू लावलं आणि कुरकुर थांबली म्हणून माझं कौतुकही केलं. तेव्हा तरी बोलायचं होतं. ट्रॉली दसऱ्यापर्यंत वापरायची नाही, संध्याकाळी निवांत पुसून टाकू, असं काहीतरी मी मनात म्हटलं आणि आत निघून गेले.

दुपारी बटाटे उकडायला घ्यायचे होते. माणसं कमी, गंज मोठा, बटाटे आणि पाणी गळ्यापर्यंत. बाईने हात जोडून ट्रॉलीची माफी मागितली आणि तिलाच कामाला लावलं. मी ओट्यापाशी मिरच्या निवडत होते. तिने हँडल हातात घेतलेलं मी पाहिलं. पाहिलं – आणि मिरच्या निवडत राहिले. तुम्ही म्हणाल, एक हाक मारायला काय जात होतं? तेच तर! काय जात होतं माझं?

फळी निम्म्यावर गेली आणि बाईने धाप घ्यायला हात सैल केला, रोज करायची तसा. चकतीने धरलंच नाही. गंजाचं सगळं ओझं खाली आलं आणि हँडल उलटं गरगरलं. त्याचा दांडा बाईच्या उजव्या मनगटावर बसला. तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही. पाणी अंगणभर झालं, बटाटे मोरीपर्यंत घरंगळत गेले आणि बाई त्या पाण्यात बसून आपल्या हाताकडे नुसती बघत होती. रडली नाही. आमचे दोघींचे नवरे धावत आले, काय झालं, कसं झालं? बाईने तोंड उघडायच्या आधी मी बोलले. 'हँडल उलटं फिरवलं गेलं अन् बाईच्या हातून सुटलं.' कोणी मला विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणाले.

तिला दवाखान्यात नेलं. मी मागे राहिले – बटाटे वेचायला, म्हणून. बटाटे नंतर वेचले. आधी चिंधी घेतली, रॉकेल घेतलं आणि ती चकती पुसली. पुसली, पुन्हा पुसली, सुकवली, बोट लावून पाहिली. आतापर्यंत जे सांगितलं ते राग होता, म्हणा, तिरसटपणा होता, म्हणा. हे काय होतं? इतक्या नीटपणे मी कधी भांडंसुद्धा घासलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी, म्हणजे बाईच्या नवऱ्याने, ट्रॉली तपासली. वजन ठेवून हँडल सोडून पाहिलं. फळी जागची हलली नाही. मग निकाल लागलाच. यंत्र धरतंय, म्हणजे बाईनेच हँडल उलटं फिरवलं आणि तिचा हात सुटला. बाईनेही मान्य केलं. म्हणाली, हात ओला होता माझा, उलटं फिरलं असेल, आणि पूजलेल्या यंत्राला मी राबवलं, ते कोपणारच. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी तर हे दुखणं वाढदिवसाच्या केकसारखं येईल त्याला वाटलं. पाहुणा आला की, आमच्या कमलने खंडेनवमी मोडली आणि बघा. बाई मान खाली घालून ऐकायची. मी चहा गाळायची.

ते हाड वाकडंच जुळलं. मनगट वळेना. प्लास्टर निघाल्यावर बाईने एकदा कणीक भिजवली, हातावर घेतली, आणि ती झुलवता झुलवता तिच्या कोपरापाशी लोंबून फाटली. तिने पुन्हा घेतली. पुन्हा फाटली. मग कणकेची परात तिने माझ्याकडे सरकवली. 'तू कर वं आता, नलू.' तेव्हापासून लंबी रोटी मी करते. चांगली नाही होत. कडेला जाड राहते, मधे चिरते. जुनी गिऱ्हाइकं एक खातात, दुसरी मागत नाहीत. आणि बाई शेजारी बसून मला शिकवते – अजूनही! – असा खांदा सैल सोड, तसा हात फिरव. तिच्या आवाजात कडू असं काही नसतं. मला त्याचाच संताप येतो. एकदा तरी तिने संशय घ्यावा! एकदा तरी म्हणावं, नलू, तू त्या दिवशी तेल कुठे कुठे घातलंस? पण नाही. ही बाई दुसऱ्यांच्या पोरींना गोष्ट सांगावी तशी आपली चूक सांगते. नव्या बाया कामाला आल्या की त्यांना ट्रॉलीपाशी उभं करून म्हणते, माझ्यासारखा हात सोडू नका. मी तिथेच असते. कित्येकदा तोंडापर्यंत आलं. एकदा तर 'बाई, ऐका' म्हणालेसुद्धा. ती वळली, काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीठ संपलंय.

आणि पूजा. ती तर विचारूच नका. त्या वर्षापासून बाई खंडेनवमीला ट्रॉलीला हात लावत नाही. म्हणते, माझा हात तिला चालत नाही. कुंकू मी लावायचं. फुलं मी वाहायची. ती लांब, दारात उभी राहून नमस्कार करते. दर नवमीला मी त्या लोखंडाला कुंकू लावते आणि मला वाटतं, हे आता तरी माझ्या अंगावर पडावं. काही पडत नाही. ट्रॉली माझ्याशी कधी वाकडी वागली नाही.

मागच्या महिन्यात पंपाची नवीन ट्रॉली आली. पायाने दाबली की फळी वर. जुनी भंगारवाल्याला द्यायची ठरली. त्याचा टेम्पो दारात लागला, माणसं तिला ओढत बाहेर घेऊन आली, आणि बाई आतून लगबगीने हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती ट्रॉलीजवळ गेली. उजवा हात वळत नाही, म्हणून डाव्या हाताने कुंकू लावलं. मग तिने खांबावर डोकं टेकलं. टेम्पोवाला घाई करत होता, तिला त्याचं काही नव्हतं. 'माफ कर वं माय,' ती म्हणाली. 'सणाच्या दिवशी म्या तुले राबवलं. चूक माहीच होती. मनात धरू नको.' पदराने डोळे पुसत ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, 'तू तं तिचं सारं नीट केलं, नलू. तेलपाणी, पूजा, सारं. तुह्यावर नाही कोपायची ते.'

मी म्हणाले, 'हो, बाई.'