पांढऱ्या मशीनवरचे तिरपे तास

घड्याळाच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. मालकांनी परत न नेलेली घड्याळं आणि किस्से. दोन्ही फेकवत नाहीत. घड्याळं निदान डब्यात ठेवता येतात. किस्से मात्र कुणी ‘किती वाजले’ एवढं विचारलं तरी बाहेर पडतात.

दारव्ह्याला बसस्टँडजवळ अब्बांचं दुकान. दुकान म्हणजे एक खिडकी, खिडकीशी छातीइतकं उंच टेबल, एक खुर्ची आणि बाहेर एक बाक. खुर्चीवर अब्बा. बाकावर नामदेवकाका, रेल्वेच्या छोट्या लाईनवरचे रिटायर गार्ड. त्यांचं शेत आहे, पण शेतापेक्षा ते आमच्या बाकावरच जास्त सापडतात. आणि अधूनमधून बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. ते कधी बसत नाहीत. उभ्यानंच हुकूम देतात.

या तिघांशी मी रोज भांडायचे. आज मला जे काही येतं ते या तिघांचं देणं आहे, हे इथंच सांगून टाकते. पुढं वाचताना तसं वाटणार नाही.

कापसाचे ते वाईट हंगाम होते. बाजाराच्या दिवशीसुद्धा दुकानासमोर शुकशुकाट. त्यात मोबाईल आलेला, वेळ खिशात फुकट मिळायला लागलेली. मनगटी घड्याळं दुरुस्तीला येणं थांबलं. पण लोक जुन्या पेट्या उघडत होते आणि तळाशी पडलेली खिशातली घड्याळं बाहेर निघत होती. साखळीची, जाडजूड, आजोबा-पणजोबांची. दुरुस्तीला नाही, विकायला. नागपूरचे शौकीन लोक ती घेत, पण आधी एकच विचारत, “आत मशीन कोणती?”

बडे अब्बांचा हुकूम निघाला. “ईद के बाद ये टेबल निकालो. मोबाइल का काउंटर लगाओ. लड़की बी.एस्सी. है, रिचार्ज मारेगी.”

मला रिचार्ज मारायचं नव्हतं. मला त्या टेबलाशी बसून घड्याळं उघडायची होती. मी अब्बांकडे बघितलं. अब्बा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, “पाहू.”

*

अब्बांचा पहिला धडा असा, की डायल वाचायची नाही, झाकण उघडायचं. अमेरिकेत मशीन एक कंपनी बनवायची, केस दुसरीच कुणीतरी, आणि दुकानदार दोन्हींची जोडी लावून द्यायचा. त्यामुळे बाहेरच्या नावावर भरवसा नाही. ओळख पटते ती आतल्या प्लेटवरून.

अब्बांची नावं त्यांची स्वतःची. सगळी चाकं एका गोल प्लेटीखाली झाकलेली असतील तर तो ‘तवा’. बाजूचा तुकडा कापलेला असेल तर ‘कोर’. सुट्या सुट्या पट्ट्या असतील तर ‘बोटं’. सोन्याचा मुलामा असेल तर ‘पिवळी’, निकेल असेल तर ‘पांढरी’. पांढरीवर नक्षी असते. ती गोल गोल असेल तर ‘जिलेबी’, आणि सरळ पट्टे असतील तर ‘तास’. नांगराचे पडतात ते तास. अब्बांचं लहानपण शेतात गेलेलं.

मी सायबर कॅफेत बसून या सगळ्यांची इंग्रजी नावं शोधली, पाठ केली आणि तोऱ्यात अब्बांना म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“बरोबर असंन,” ते म्हणाले. “पण तुया नावानं भूक नाही लागत.”

*

नामदेवकाकांकडे आजाचं घड्याळ होतं. चांदीची केस, आत सिंहाचा छाप. गोऱ्या साहेबानं विलायतेहून आणून आजाला दिलं, असं ते आल्या-गेल्याला सांगत. एकदा तेल द्यायला म्हणून अब्बांनी ते उघडलं आणि मी मागून डोकावले. पिवळा तवा. कडेला बारीक अक्षरात अमेरिकेचं नाव.

मी गप्प बसले नाही. “काका, केस विलायती आहे, मशीन अमेरिकन.”

“मंग माया आजा काय खोटं बोलला?”

“तुमच्या आजांनी झाकण उघडलंच नसेल.”

काका उठून गेले. दोन-तीन बाजार गेले तरी बाकावर आले नाहीत. घरी अम्मी मला बोलली. मी नमतं घेऊन काकांच्या घरी जायच्या तयारीत होते, तेवढ्यात ते स्वतःच बाकावर येऊन बसले आणि चहा मागितला. समोरून चाललेल्या एका ओळखीच्याला हाक मारून म्हणाले, “अरे, इकडं ये. आमच्या आजाचं घड्याळ पाह्यलं का? खास अमेरिकेहून मागवलतं.”

*

मारेगावचे एक गुरुजी दुरुस्त झालेलं घड्याळ घेऊन स्टँडवर गेले आणि तासाभरात परत आले. चाबी ओढली, फिरवली, काटे हलत नव्हते. “तुम्ही तोडलं,” त्यांनी जाहीर केलं. मी घड्याळ घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी आपला मागं घेतला. “पोरी, दुकानात कोणी माणूस नाही काय?”

अब्बा समोरच बसले होते. मान वर न करता म्हणाले, “हाय ना. तिच्यापाशीच द्या.”

मी काचेची कडी फिरवून काढली, डायलच्या कडेला लपलेली नखाएवढी पट्टी बाहेर ओढली, आणि मग चाबी फिरवली. काटे फिरले. गुरुजींचे डोळेही.

“हा चोरकप्पा कायले ठेवला?”

“रेल्वेची घड्याळं अशीच असतात. चुकून वेळ बदलू नये म्हणून.”

बाकावरून नामदेवकाका म्हणाले, “बराबर हाय. काटे सरकवनं सोपं असतं तर आमची एकबी गाडी लेट नसती झाली.”

*

मुकुटबनहून एक काकू दोन जीप बदलून आल्या. पदराच्या गाठीतून घड्याळ काढलं. मी मागचं झाकण उघडलं. प्लेट ताज्या घासलेल्या लोट्यासारखी लखलखत होती. नक्षी नावालाही नाही.

“लोकायले दाखवाची म्हून सोच्छ करून आणली,” काकू म्हणाल्या.

माझा पारा चढला. “अहो काकू, ती नक्षी म्हणजे...” टेबलाखालून अब्बांनी माझ्या पायावर पाय दिला. मग विचारलं, “कायनं घासली, बाई?”

“चिचेनं. अन् राखोंडीनं.”

“चिच जुनी होती का नवी?”

“जुनी.”

“मंग बराबर,” अब्बा म्हणाले. आणि घड्याळ माझ्याकडे सरकवलं. “सांग आता कोणती.”

अब्बांनी मला असं विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी भिंग लावलं. नक्षी गेली होती, पण कोरीचा कापलेला आकार होता, स्क्रूंच्या जागा होत्या, खोल कोरलेला नंबर होता. मी कंपनी सांगितली. अब्बांनी मान हलवली. “चिच नक्षी खाते. आकार नाही खात.”

“म्हंजे चांगली हाय का?” काकूंनी मला विचारलं.

“चांगली होती,” मी म्हणाले.

“हाय,” अब्बा म्हणाले. “आंघोळ झाली तिची, बस.”

*

नागपूरच्या एका शौकिनाचा फोन आला तेव्हा मी नेमकी बाहेर गेले होते. अब्बांनी फोन उचलला. पुढचं सगळं नामदेवकाकांनी मला नक्कल करून दाखवलं, आणि पुढं कित्येक दिवस ते ज्याला-त्याला दाखवत होते.

“मशीन कशी आहे, चाचा?”

“पांढरी. तास हायेत.”

“किती तास चालते?”

“चालत नाही. बंद हाय.”

“मग तास कसे?”

“तिरपे.”

“चाचा, मी विचारतोय, एकदा चाबी दिली की किती तास?”

“चाबीचा काय संबंध? चाबी द्या का नका देऊ, तास तेवढेच राह्यतीन.”

“अहो, पण बंद घड्याळात तास आले कुठून?”

“अमेरिकेहून,” असं म्हणून अब्बांनी फोन ठेवला.

*

ईद जवळ आली आणि बडे अब्बा सुताराला घेऊन आले. टेबलाचं माप घ्यायचं, त्याच लाकडात काउंटर बसवायचा. सुतारानं टेप काढला. मी भांडायला तोंड उघडणार, इतक्यात अब्बा ओरडले, “हालू नोका, स्क्रू पडला.”

घड्याळाच्या दुकानात या वाक्यावर सगळं थांबतं. स्क्रू तिळाएवढाही नसतो, पाय पडला की संपला. बडे अब्बा एका पायावर उभे राहिले. सुतार गुडघ्यावर बसून फरशी चाचपू लागला. नामदेवकाकांनी चप्पल उलटी करून बघितली. मी केरसुणीच्या काड्यासुद्धा झटकल्या. दुपार गेली. बडे अब्बांची नमाजची वेळ झाली, सुताराला दुसरीकडे जायचं होतं. दोघंही निघून गेले. माप राहून गेलं.

“कोणत्या घड्याळाचा स्क्रू होता?” मी अब्बांना विचारलं.

अब्बांनी टेबलाकडे बघितलं. टेबलावर एकही घड्याळ उघडं नव्हतं.

“पाहू,” ते म्हणाले.

*

ईदच्या आधी एका सकाळी बडे अब्बा एकटेच आले. हातरुमालात दादांचं, म्हणजे अब्बांच्या वडिलांचं घड्याळ. आमच्या अख्ख्या खानदानाची शान होती ती. अमेरिकन, एकवीस ज्वेलची, म्हणजे एकवीस लाल खड्यांची, रेल्वेची, असं ऐकतच आम्ही सगळे लहानाचे मोठे झालो. आजवर ते कुणी उघडलेलं नव्हतं. “कागज़ पे लिख दो कौन-सी है,” ते अब्बांना म्हणाले. “घर में रहेगा.”

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. अब्बा खुर्चीवरून उठले. “मले आज बराबर दिसून नाही राह्यलं. बेटा, तू पाह्य.”

मी बसले. खुर्ची अब्बांच्या उंचीची, माझी हनुवटी टेबलाला टेकत होती. झाकण उघडलं. पांढरी प्लेट, सुंदर तास, मधोमध कोरलेलं रेल्वे इंजिन. मी भिंग लावलं. तास दिसतं तेवढ्यापुरतेच होते. फिरत्या चाकाखाली, जिथं सहसा कुणाची नजर जात नाही, तिथं प्लेट कोरी. ज्वेलभोवतीचे स्क्रू फिरणारे नव्हते, नुसते ठसे होते.

बडे अब्बा उभे होते. टेबलाचा निकाल त्यांच्याच हातात होता, हे मला माहीत होतं.

“अमेरिकन नाही, बडे अब्बा,” मी म्हणाले. “नक्कल आहे.”

बडे अब्बांनी घड्याळ उचलून कानाला लावलं. “चलती तो है.”

“चालते. छान चालते.”

“तो बंद कर दे.” मी झाकण लावलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि गेले.

नामदेवकाका हळूच म्हणाले, “पोरी, हो म्हनाचं होतं ना. टेबल वाचलं असतं.”

“मग त्या टेबलाशी बसून करायचं काय होतं, काका?”

ईद झाली. बडे अब्बा फिरकले नाहीत. मग एके दिवशी तोच सुतार टेप घेऊन दारात उभा. मी उठून टेबलासमोर आडवी आले. “टेबलाला हात लावायचा नाही.”

“टेबलाचं काम नाही, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही बसा त्या खुर्चीवर. बडे अब्बांनी सांगतलं, अब्बाची खुर्ची पोरीले ठेंगणी होते. हनुवटी लागते म्हने.”

मी बसले. तो जमिनीपासून माप घेऊ लागला. नामदेवकाका माझ्या तोंडाकडे बघत होते, सुतारही मान वर करून बघत होता, आणि मला काही केल्या कुणाकडे बघता येईना.

“हालू नोका,” मागून अब्बा म्हणाले. “स्क्रू पडला.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही.