उम्म हारून म्हणजे हारूनची आई

शमीम आपांना मूल नव्हतं.

तरी काल त्यांच्या दफनाला जमलेले सगळे त्यांच्या मुलाचं सांत्वन करत होते.

सकाळपासून लॅपटॉप उघडतेय, बंद करतेय. कशातच लक्ष लागत नाही, म्हणून लिहितेय.

आपा चिपळूणच्या. यजमानांबरोबर आधी मस्कतला आणि मग इथे, न्यूझीलंडमध्ये लोअर हटला. ते गेल्यावर एकट्याच राहिल्या. मी २०१४ मध्ये शेजारी राहायला आले. दार वाजवून इथल्या पद्धतीने किया ओरा, म्हणजे नमस्कार म्हटलं, तर आतून आलं, "पुण्याची ना गं तू? ये, चहा टाकते."

मशिदीतल्या बायका त्यांना उम्म हारून म्हणायच्या. म्हणजे हारूनची आई.

एकदा मी विचारलं, हारून असतो कुठे?

"मेलबर्नला. माझ्या बहिणीचा मुलगा."

माझा चेहरा बघून त्यांनीच समजावलं. जुन्या अरबांत नुसत्या नावाने हाक मारण्यापेक्षा अमक्याचे बाबा, तमक्याची आई म्हणणं मानाचं. कुनियत म्हणतात त्याला. आपल्याकडे बंड्याची आई म्हणतात तसंच की, मी म्हटलं.

काही किताब गुणांवरून मिळायचे, आपा पुढे सांगत होत्या. पैगंबरांना मक्केचे लोक फार आधीपासून अल-अमीन म्हणायचे, म्हणजे विश्वासू. खरं-खोटं वेगळं करणारे म्हणून दुसरे खलिफा उमर हे फारूक. आणि पैगंबरांच्या एका साथीदारांना मांजराच्या पिल्लाचा फार लळा, म्हणून ते अबू हुरैरा, पिल्लाचे बाबा. त्यावर आम्ही दोघी खूप हसलो.

मग आपा हळू आवाजात म्हणाल्या, पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांना मूल नव्हतं. माझ्या सगळ्या मैत्रिणींना कुनियत आहे, मलाच नाही, असं त्या एकदा म्हणाल्या. तेव्हा त्यांना बहिणीच्या मुलाचं नाव मिळालं. उम्म अब्दुल्ला.

आपांची बहीण बाळंतपणानंतर आजारीच असायची. हारूनला सुरुवातीची वर्षं आपांनी सांभाळलं. पुढे मस्कतला शेजारणींनी विचारलं, तुला काय म्हणायचं? आपांनी त्याचं नाव सांगितलं.

"त्याला माहीत आहे?"

"नाही गं. त्याच्यावर उगाच ओझं कशाला?"

काल हारून आला. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा कोट, संध्याकाळचं परतीचं तिकीट. जो तो त्याला मिठी मारून आईबद्दल बोलत होता. तो प्रत्येकाला सांगत होता, मी भाचा आहे. शेवटी वैतागून मशिदीच्या पार्किंगमध्ये माझ्यापाशी आला. मराठी बोलणारी मी एकटीच होते.

"हे सगळे मला मुलगा का समजतायत?"

आपांना नको होतं, हे मला ठाऊक होतं.

तरी मी सांगितलं.

तो गाडीला टेकून उभा राहिला. वारा नुसता झोडपत होता.

कब्रस्तानात मी लांब, बायकांमध्ये होते. मय्यत ठेवायला कबरीत जवळचा माणूस उतरतो; कोण उतरणार, असं इमामांनी विचारलं. हारूनने कोट काढून कुणाच्या तरी हातात दिला आणि तो खाली उतरला.

तिकीट त्याने सोडून दिलं. आज सकाळी दारात उभा होता.

"मला तेव्हाचं काहीच आठवत नाही. तिने तुम्हाला काही सांगितलं होतं?"

मला एकच गोष्ट माहीत होती. रात्री तो झोपायचा नाही आणि आपा त्याला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायच्या. तेवढी सांगितली. ऐकून तो तिथेच पायरीवर बसला. अजून बसलाय.

आपा, मी बरोबर केलं का, ते कळत नाहीये. तुम्ही रागावला असाल तर रागवा.

हारूनच्या आईला शेजारणीचा मनापासून अखेरचा सलाम.