सूज की गाठ

माझ्या मेंदूत गाठ निघाल्याची बातमी सेलूच्या बाजारात माझ्याआधी पोचली. गाठ जहाल, कापून काढली तरी पुन्हा वाढणारी. म्हणून मोठ्या शहरातल्या रुग्णालयानं मला नव्या उपचाराच्या ट्रायलमध्ये घेतलं. माझ्याच रक्तातल्या पेशींना शिकवून गाठीवर सोडायचं. “औषध माणसाला कितपत सोसतं, एवढंच सध्या बघतोय,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी म्हणालो, “म्हणजे रंगीत तालीम!” त्या हसल्या नाहीत.

पेशी सोडल्यावर पहिल्याच स्कॅनमध्ये डाग मोठा दिसला. गाठ वाढली, की पेशी आत घुसल्यानं सूज आली? दोन्ही सारखंच दिसतं म्हणे. पुढच्या स्कॅनपर्यंत थांबायचं. सूज उतरवणारी गोळी दिली होती, पण तिनं त्या पेशीही सुस्तावतात. सोसेल तोवर नको. बोलणं अडलं तर लगेच फोन करा.

झालं. जन्मभर बडबडलेला मी घरात कोंडलो, आणि बायको माझ्या तोंडाकडं डोळे लावून बसली.

पालमहून मेहुणा आला.

“दाजी, गुण आला का?”

“डाग वाढला.”

“म्हंजे वाईट?”

“वाईट, न्हाईतर लय चांगलं.”

“असलं कसलं औषध? आमच्या म्हशीचा डॉक्टर बी याहून नीट सांगतो.”

“मग त्यालाच आण. शिंगं तेवढी न्हाईत मला.”

तो हसला, तसा मला चेव आला. त्याच्या वरातीची फजिती सांगायला घेतली. “तू त्या... त्या...” शब्दच येईना. मी लगाम ओढला, टाच मारली, खिंकाळलोसुद्धा. मेहुणा पोट धरून लोळायला लागला. बायकोनं फोन लावला.

“गोळी आत्ताच द्या, उद्या घेऊन या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी दात आवळून नको म्हणून मान हलवली. कसंबसं म्हणालो, “पेशी...”

“मला पेशींसंगं संसार करायचा न्हाई,” बायको म्हणाली. “तोंड उघडा.”

उघडलं.

दुसऱ्या दिवशी रेल्वेत, जालना मागं पडल्यावर, मी एकदम ओरडलो, “घोडा!” अख्खा डबा वळून बघायला लागला. बायको पदरात तोंड घालून हसत होती, रडतही होती. मी पुन्हा म्हणालो, घोडा, घोडा. किती गोड लागत होता तो शब्द! आणि दर खेपेला वाटत होतं, आत कुणीतरी पेंगायला लागलंय.