कराचीहून आलेला रिकामा डबा

शारजाहून निघालो तेव्हा बॅगेतल्या सगळ्या सामानात मला काळजी होती ती एका स्टीलच्या डब्याची. डबा माझा नव्हता. आमच्या शेजारच्या ऑफिसातला राजेश कराचीचा, पण घरात आपल्यासारखंच मराठी बोलणारा. कराचीत अशी मराठी घरं अजून आहेत, हे मला त्याच्यामुळेच कळलं. त्याची कमलकाकू मूळची लालबागची. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि धाकटी बहीण शालू इकडेच राहिली. दोघींमध्ये हा एकच डबा वर्षानुवर्षं ये-जा करतो, ज्याला व्हिसा मिळेल त्याच्या हाती. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'शालू' असं नाव घातलेलं आहे.

गेल्या लढाईनंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या वकिलातीतली माणसं कमी केली, व्हिसे बंद केले, व्यापार थांबवला. एकाचं विमान दुसऱ्याच्या आकाशातून जात नाही. डबा कराचीतच अडकला. शेवटी राजेश सुट्टीहून येताना तो शारजाला घेऊन आला आणि मी मुंबईला चाललोय म्हटल्यावर माझ्या टेबलावर ठेवला. आत कमलकाकूने केलेल्या नारळाच्या वड्या होत्या.

मी जहाजावरच्या मालाचे कागद करणारा माणूस. त्या देशातला माल तिसऱ्या देशातून फिरवून आणायलाही आपल्याकडे बंदी आहे, हे मला तोंडपाठ. "अहो, वड्या म्हणजे काय कंटेनर आहे का?" असं बायको म्हणाली. पण खोड जात नाही. वड्या आम्ही ऑफिसात वाटून खाल्ल्या, डबा घासूनपुसून घेतला आणि मी कायद्याच्या दृष्टीने अगदी स्वच्छ होऊन मुंबईत उतरलो.

मुक्काम गिरगावात, आत्याकडे. गल्लीच्या तोंडाशी आता भुयारी मेट्रोचं स्टेशन झालं आहे, त्यामुळे मी नेहमीचं वळण चुकलो आणि टॅक्सीवाल्याशी उगाच भांडलो. आत्याने साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली, तेव्हा कुठे डोकं थंड झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालबाग. मार्च महिना, म्हणजे तिथे मसाल्याचे दिवस. मिरची गल्लीत पोत्यांच्या राशी, भाजलेल्या धण्यांचा वास आणि डंकांचा (लोखंडी मुसळांनी मसाला कुटणाऱ्या यंत्रांचा) धाडधाड आवाज. मी पुलाखाली उतरलो तो शिंकतच.

शालूमावशी चाळीच्या जागी झालेल्या उंच इमारतीत राहतात. गिरणीत कामाला असलेल्या नवऱ्याचा फोटो, त्याखाली टीव्ही. मुलगा दिलीप पोलिसात. तो ड्युटीवर निघालाच होता. मी कराचीचं नाव काढताच त्याने दार लोटून घेतलं.

"हे बघा, राग मानू नका," तो म्हणाला. "तिकडचा नंबर घरातल्या फोनवर दिसला तर मला उत्तरं द्यावी लागतात. म्हणून मीच आईला सांगितलंय, सध्या फोन बंद."

माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मी मान डोलावली आणि डबा मावशींच्या हाती दिला. त्यांनी पदराने झाकण पुसलं, नावावरून बोट फिरवलं आणि डबा उघडला. मग उपडा करून पाहिला.

"रिकामो?" त्यांनी विचारलं. "तिना कायच घातल्यान नाय?"

आता वड्या आम्हीच खाल्ल्या हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, "हल्ली नियम फार कडक आहेत, मावशी."

"चहा घे," त्या म्हणाल्या. चहा झाल्याबरोबर त्या उठल्या. डबा त्यांनी माळ्यावर, न लागणाऱ्या भांड्यांत टाकला. मला वाटलं, वयस्कर बाई आहेत, थकल्या असतील.

संध्याकाळी हे सगळं आत्याला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतो. आणि तू बहिणीचा डबा रिकामा नेऊन दिलास? आधीच फोन बंद. तिला वाटलं असेल, ताईने संबंध तोडले!"

मला खरोखर लाज वाटली. दोन सरकारांनी जे तोडायचं ते तोडलं होतं. राहिलेला एक धागा मी तोडून आलो होतो, तोही नियम पाळून. रात्रभर त्या उपड्या केलेल्या डब्याचाच विचार डोक्यात होता.

सकाळी दादरला गेलो. खरेदीची यादी खिशातच राहिली. फुलबाजारातून वाट काढत एका जुन्या दुकानातून नारळाच्या वड्या घेतल्या आणि तसाच लालबागला गेलो. मावशींपुढे पुडा ठेवून सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी एक वडी मोडून तोंडात घातली. "अशाच होत्यो?"

"अशाच. म्हणजे, अगदी अशा नव्हत्या. गुळाच्या होत्या. आणि रागावू नका, पण जरा करपट लागत होत्या."

"करपट?" मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "तिच्योच त्यो! लग्नाआधीपासून करपवता. आई ओरडायची, कमळे, स्टोव्हकडे बघ. म्हणजे अजून स्वतः करता ती. हात चलतत तिचे!"

डबा माळ्यावरून मीच खाली काढला. मावशी मला घेऊन डंकावर गेल्या. आपला मसाला कुटून होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मी शिंकून शिंकून बेजार झालो. घरी येऊन त्यांनी तो ताजा मसाला डब्यात दाबून भरला. तेवढ्यात दिलीप जेवायला आला.

"आई, तिकडे पण आपल्या मालाला बंदी आहे. काढून टाकतील."

"काढूदेत. वास कसो काढतले?"

दिलीप बेसिनकडे वळला. हात धुऊन त्याने कपाटातली चिकटपट्टी आणली आणि झाकणाभोवती घट्ट वेढे घातले.

शारजाला परतलो तर कपड्यांना, पासपोर्टला, सगळ्याला मालवणी मसाल्याचा वास. राजेशही शेवटी कागद करणाराच. चिकटपट्टी सोडवून त्याने मसाला माझ्याच स्वयंपाकघरात बरणीत काढला. मी म्हटलं, "चिमूटभर तरी राहू दे, बाबा." तेवढं त्याने ठेवलं. कराचीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर डबा गेला. वकिलातीतली माणसं आणि राजदूत कधी परत जातील ते जावोत, आपल्याला त्यातलं कळत नाही.

नंतर एके दिवशी राजेशने मला एक आवाजी निरोप पाठवला. आधी एक जोरदार शिंक, मग दुसरी, मग म्हाताऱ्या बाईचा आवाज: "शालू, मसालो पोचलो गो."

पुढे पाठवावा की नाही, या विचारात मी बसलो होतो. इतक्यात दिलीपचाच मेसेज आला: 'पोचला का?' मी निरोप पाठवून दिला. थोड्या वेळाने त्याने लिहिलं, 'आईला ऐकवलं. लगेच पुसून टाकलं.'

मी फोन खाली ठेवला. तो पुन्हा वाजला.

'परत पाठवा. आई पुन्हा मागतेय.'