एकादशी आणि कोलोनोस्कोपी

"आँत में गाँठ हो सकती है," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. "कोलोनोस्कोपी करके देखना पड़ेगा।"

कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेरा लावलेली नळी मागच्या वाटेनं आतड्यात घालून आतून बघणं. दोन महिने शौचातून रक्त जात होतं आणि मी मूळव्याध समजून अंगावर काढत होते. माझा मोठा भाऊ आतड्याच्या कर्करोगानंच गेला. त्यामुळे पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

आदल्या दिवशी फक्त पाणी, नारळपाणी, गाळलेला रस, असं कागदावर लिहिलं होतं. संध्याकाळी दोन लिटर पाण्यातून जुलाबाचं औषध. नेमकी एकादशी आली. चाळीस वर्षं उपास करणाऱ्या बाईला पोट रिकामं ठेवायला कोण शिकवणार! दुपारी सवयीनं साबुदाण्याची खिचडी केली, भरपूर दाणे घालून, आणि वाटीभर खाल्ली. आमच्यात उपासाचं खाणं कुणी खाण्यात धरत नाही. मग ते खारट औषध, आणि इतक्या फेऱ्या की पायांतलं त्राणच गेलं.

सकाळी अधारतालच्या घरून मी आणि हे ऑटोनं दवाखान्यात गेलो. सिस्टरनं विचारलं, "कल क्या खाया?"

"कुछ नहीं दीदी, व्रत था।"

तीही उपासवाली असावी. "व्रत में क्या खाया, अम्मा?"

खिचडी ऐकून डॉक्टर वैतागले. "मूँगफली के टुकड़ों में मुझे क्या दिखेगा? अगले हफ्ते आइए।"

खरं सांगते, परत पाठवलं तेव्हा मला हायसं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली. खिचडी सवयीनं खाल्ली की भीतीनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमची अशी तपासणी असेल तर कागदावरचं अक्षर न् अक्षर पाळा. मी शहाणपणा केला आणि आठवडाभर जास्तीची धाकधूक पदरात पाडून घेतली.

तपासणी उद्या आहे. आज सकाळपासून पोटात नुसतं पाणी. संध्याकाळी औषधाचा ग्लास हातात धरून बसले होते. शांत वगैरे नव्हते, फक्त थकले होते.

"घे ना, काहून बसून राहिली?" हे म्हणाले.

"भीती वाटून राहिली मला." इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा बोलले.

ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"मलाही," म्हणाले.

मी ग्लास तोंडाला लावला आणि संपवला. उद्या जे असेल ते दिसू दे.