तपासणीच्या दिवशीची गोळी

काचबिंदूचा दाब उतरवणाऱ्या गोळीने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सारखी लघवी लागे. धुळ्याच्या डॉक्टरांनी दाब मोजला; तो पुन्हा चढलेला होता. त्यांनी ऑपरेशनचा विषय काढला, मग विचारलं, "आज गोळी घेतली?"

"नही. बसमा बसनं व्हतं ना!" आबा म्हणाले. "ड्रायव्हर मना साला शे का, घडीघडी गाडी थांबाडाले?"

म्हणजे दर तपासणीला डॉक्टर बिनगोळीचा डोळा मोजत होते. त्यांनी गोळी एकही दिवस न चुकवता पुन्हा यायला सांगितलं.

पुढच्या खेपेला आबांनी गोळी घेतली आणि आम्ही मोटारसायकलने निघालो. धुळ्यापर्यंत त्यांनी एकही बाभूळ कोरडी सोडली नाही. डॉक्टरांनी दाब मोजला. ऑपरेशनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.